भिडूला फसवायचे नाही, मग कंपनीला चालते का? ऑनलाइन खेळ, प्रताधिकार आणि आपल्या मनातले नियम

चाळकरी

२००३ ते २०१० या काळात लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावरील गाळ्यात मी सायबर कॅफे चालवत होतो. आठ संगणक होते. सकाळी परीक्षांचे अर्ज भरणारी आणि रेल्वेची तिकिटे काढणारी मंडळी येत, आणि संध्याकाळी पाचनंतर गाळ्याचा ताबा काउंटर स्ट्राइक हा बंदुकीच्या लढाईचा खेळ खेळणाऱ्या मुलांकडे जाई. आठही संगणकांवर तो खेळ लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या एकाच सीडीवरून चढवलेला होता. मुले त्या प्रतीला 'नॉन-स्टीम' म्हणत, कारण ज्या स्टीम सेवेतून तो खेळ अधिकृतपणे चालायला हवा, ती सेवा तिच्यात वगळलेली होती. शंभर रुपयांच्या त्या सीडीवर मी सात वर्षे तासाला वीस रुपये या दराने धंदा केला, आणि आपण कोणाचे काही घेत आहोत असे त्या सात वर्षांत एकदाही माझ्या मनात आले नाही.

त्याच गाळ्याच्या भिंतीवर मी माझ्या हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता. भिंतीपलीकडचा खेळाडू दाखवणारा 'वॉलहॅक' किंवा आपोआप नेम धरणारा 'ऐमबॉट' वापरताना कोणी सापडला, तर त्याला महिनाभर गाळ्यात खेळता येणार नाही, असा तो नियम होता. तो मुलांनीच माझ्याकडून लिहून घेतला होता. २००६ साली एका मुलाने पेन ड्राइव्हवरून असली फाइल चढवली. समोरचा कोपऱ्यावरून बाहेर पडण्याआधीच याची बंदूक त्या कोपऱ्याकडे वळलेली असते, हे इतरांच्या दोन डावांत लक्षात आले. सात जणांनी आपापले मॉनिटर बंद केले, उठून माझ्या टेबलापाशी आले आणि कागदाकडे बोट दाखवले. पुढचा महिनाभर तो मुलगा दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसून इतरांचा खेळ बघत असे. शिक्षा कमी करा, असे सांगायला त्याच्या घरचेही कोणी आले नाही.

हे सारे आठवण्याचे कारण माझा भाचा. तो दहावीत आहे आणि काळाचौकीला राहतो. बीजीएमआय या मोबाइलवरच्या खेळात, म्हणजे पबजी मोबाइलच्या भारतीय आवृत्तीत, गोळी झाडताना बंदुकीला बसणारा धक्का नाहीसा करणारी एक फाइल त्याने टेलिग्रामवरच्या एका चॅनलवरून साडेतीनशे रुपयांना विकत घेतली आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या आयडीवर दहा वर्षांची बंदी आली. बंदी उठवावी असे पत्र कंपनीला लिहिता येईल का, हे विचारायला तो माझ्याकडे आला होता. मी रागावलो. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मामा, मी कोणाचे काय नेले? तुम्ही तर अख्खा खेळच नेला होता. मी कंपनीचा एक नियम मोडला आणि तुम्हीही कंपनीचाच नियम मोडलात."

त्याला दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या वाटतात. मला त्या इतक्या वेगळ्या वाटत होत्या, की त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हेच मला वीस वर्षे जाणवले नव्हते. त्याच्या प्रश्नानंतर मी बराच विचार केला आणि माझ्या मनातले नियम कोठून आले ते शोधू लागलो.

ते गल्लीतून आले, असे मला वाटते. आमच्या लालबाग-परळमध्ये कबड्डी पंचांशिवाय खेळली जाई. चढाई करणाऱ्याचा हात लागला की नाही, हे पुष्कळदा त्या दोघांनाच कळलेले असते, आणि ज्याला हात लागला तो आपण होऊन बाहेर जातो. जो जात नाही तो रडीचा डाव खेळतो, आणि रड्या ही पदवी एकदा चिकटली की लग्न होईपर्यंत सुटत नाही. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये एक टप्पा आउट, पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत चेंडू गेला तर आउट, पहिला चेंडू ट्रायचा, असे नियम रोज सकाळी खेळणारेच ठरवत आणि त्यांच्यापुरते ते कायद्यापेक्षा मोठे असत. या सगळ्यात नियमाचा धनी समोर उभा असे. तो माझा भिडू होता, संध्याकाळी त्याच्याच बरोबर मला वडापाव खायचा होता. सीडीवरचा नियम करणारा मात्र अमेरिकेत होता, त्याने कधी माझ्याबरोबर राज्य घेतले नव्हते, आणि त्याचा नियम इंग्रजीत अनेक पाने लांब होता. तो मी वाचलाही नाही.

मला या मंचावरच्या सदस्यांना विचारायचे आहे ते असे. प्रत करणे आणि खेळात फसवणे, या दोन गोष्टींत आपण जो फरक मानत आलो, तो खरा आहे का? आणि तो खरा असेल, तर भाच्याच्या पिढीला तो का दिसत नाही?

अर्धा चहा

चाळकरी, आपण स्वतःला उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत आहात असे मला वाटते. २००५ साली माझा पहिला पगार सहा हजार रुपये होता आणि अधिकृत खेळाचे खोके हजार रुपयांच्या घरात होते. भारत, ब्राझील, रशिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांतल्या अनधिकृत प्रतींचा अभ्यास करणारा एक मोठा अहवाल अमेरिकेच्या सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलने २०११ साली प्रसिद्ध केला होता. त्याचा निष्कर्ष असा होता, की चढ्या किमती, तुटपुंजे उत्पन्न आणि स्वस्त झालेले तंत्रज्ञान या तिन्हींच्या मेळातून हा व्यवहार जन्माला येतो. म्हणजे या देशांतल्या माणसांची नीती ढासळली म्हणून तो होतो असे नाही. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे सहसंस्थापक गेब न्यूएल यांनीही त्याच वर्षी जाहीरपणे मांडले होते, की चोरीची प्रत ही मुख्यतः सेवेतल्या उणिवेची खूण आहे. माझा अनुभव त्याला दुजोरा देतो. स्टीमवर रुपयांत किंमत दिसू लागली आणि दिवाळीच्या सुमारास निम्म्या दरात खेळ मिळू लागले, त्यानंतर मी एकही क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली प्रत, शोधलेला नाही. माणूस तोच, संस्कार तेच. फक्त किंमत आवाक्यात आली.

चाळकरी

अर्धा चहा, प्रतींपुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. पण भाच्याचा खेळ फुकट आहे. तो उतरवून घ्यायला एक रुपया लागत नाही. उलट फसवणूक करण्यासाठी त्याने साडेतीनशे रुपये मोजले. जेथे किंमतच नाही तेथे किमतीचे कारण कसे लावायचे?

काळा डगला

मी फोर्टमध्ये वकिली करतो. धाग्यात 'चोरी' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जात आहे आणि कायदाही त्यांना वेगळे मानतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाची आज्ञावली 'साहित्यकृती'च्या व्याख्येत आली. म्हणजे कायद्याच्या नजरेत काउंटर स्ट्राइकची आज्ञावली आणि एखादी कादंबरी एकाच रांगेत बसतात. १९९४ साली कलम ६३ ब आले. अनधिकृत प्रत आहे हे ठाऊक असताना ती संगणकावर वापरली, तर किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर विशेष कारणे नोंदवून न्यायालय कैद माफ करू शकते आणि पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. चाळकरी, आपण तासाला वीस रुपये घेत होतात, तेव्हा ही सवलत आपल्याला मिळाली नसती. हे आपल्याला दुखावण्यासाठी लिहीत नाही. आपण प्रश्न प्रामाणिकपणे विचारला, म्हणून उत्तरही तसेच देतो.

आता भाच्याकडे वळू. त्याने खेळाची प्रत अधिकृत दुकानातूनच घेतली आणि वापराच्या अटी मोडल्या. अट मोडणे म्हणजे प्रताधिकाराचा भंग का, हा प्रश्न अमेरिकेतील एका महत्त्वाच्या खटल्यात थेट आला होता. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये खेळाडूच्या वतीने आपोआप खेळणारा 'ग्लायडर' नावाचा बॉट एक कंपनी विकत होती. खेळाची मालक असलेल्या ब्लिझार्डचे म्हणणे असे, की बॉट वापरणे अटींत निषिद्ध आहे, सबब तो वापरणारा प्रत्येक खेळाडू प्रताधिकाराचा भंग करतो. डिसेंबर २०१० मध्ये तेथील नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने हे म्हणणे नाकारले. बॉट न वापरण्याची अट हे खेळाडूने दिलेले वचन आहे. ते मोडले तर कराराचा भंग होईल, पण निर्मात्याला प्रतीवर जो हक्क असतो त्याला त्याने धक्का लागत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. बॉट विकणारी कंपनी सुटली मात्र नाही. बॉट पकडण्यासाठी ब्लिझार्डने बसवलेल्या पहाऱ्याला चकवणारे साधन विकल्याबद्दल, तेथील वेगळ्या कलमाखाली, तिला जबाबदार धरले गेले.

आपल्याकडे असा पहारा चुकवण्याविषयीचे कलम ६५ अ हे २०१२ साली आले. त्यात पहारा मोडण्यामागे प्रताधिकाराचा भंग करण्याचा हेतू असावा लागतो. केवळ नेम चांगला लागावा म्हणून घेतलेली फाइल त्यात कितपत बसेल याविषयी मला गंभीर शंका आहे. दक्षिण कोरियाने याच्या उलट वाट धरली. खेळात फसवणूक करण्याची साधने बनवणे आणि वाटणे हाच तेथे गुन्हा आहे आणि त्याला कैद किंवा दंड होऊ शकतो. २०१९ पासून पैसे घेऊन दुसऱ्याची रँक वाढवून देण्याचा धंदाही तेथे शिक्षेस पात्र ठरला आहे. ज्या समाजाने खेळाला व्यवसाय मानले, त्याने खेळातल्या फसवणुकीला बाजारातल्या भेसळीसारखे वागवले, असे मला यातून दिसते.

अवांतर: कायद्याची भीती घालतानाही प्रमाण सुटते. २०१६ साली अनधिकृत प्रतींमुळे बंद केलेल्या संकेतस्थळांवर जो इशारा झळकत असे, त्यात नुसते पाहणे हाही तुरुंगवासाचा गुन्हा असल्याचा सूर होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो मजकूर बदलायला लावला. अतिशयोक्त धमकीने नियमाबद्दलचा आदर वाढत नाही, असे माझे मत आहे.

मुलुंडची

मी गेली सहा वर्षे हाच खेळ रँक्ड, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांत, खेळते आहे, आणि चाळकरींच्या भाच्याचे "मी कोणाचे काय नेले" हे वाक्य वाचून मला राहवले नाही.

एरांगेल नकाशावरचा एक सामना साधारण अर्ध्या तासाचा असतो आणि त्यात शंभर जण उतरतात. वरच्या रँकमध्ये हे जवळपास सगळे खरे खेळाडू असतात. मी नोकरीवरून साडेआठला घरी येते, जेवण आणि आवराआवर होईपर्यंत दहा वाजतात, आणि त्यानंतर दोन सामने खेळायला वेळ उरतो. त्यातल्या एका सामन्यात, शेवटच्या वर्तुळापर्यंत पोहोचल्यावर, दोनशे मीटरवरून धक्का न बसणाऱ्या बंदुकीने कोणी मला खाली पाडले, तर त्या दिवसाचा माझा अर्धा खेळ गेला. त्याने नव्व्याण्णव जणांचा अर्धा अर्धा तास नेला. त्याला हे कृपया सांगा. कंपनीचे काय गेले ते मला ठाऊक नाही, पण माझे काय गेले ते मी मोजून सांगू शकते.

दुसरी गोष्ट प्रतिष्ठेची. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायला काउंटर स्ट्राइकची आशियाई स्पर्धा होती. तेथे ऑप्टिक इंडिया या संघातला एक खेळाडू चालू सामन्यात ऐमबॉट वापरताना पकडला गेला. त्याने त्या फाइलला 'वर्ड' असे साधे नाव दिले होते, आणि पंच जवळ आले तेव्हा ती पुसण्याचा प्रयत्न केला. संघ बाद झाला, तो संघच मोडला, आणि त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. उरलेल्या चौघांची वर्षानुवर्षांची मेहनत एका रात्रीत गेली. त्यानंतर आशियाई सर्व्हरवर आमचा भारतीय उच्चार ऐकला की समोरचे "वर्ड" असे लिहीत. मी तेव्हा अकरावीत होते आणि माझा त्या संघाशी काही संबंध नव्हता.

पण पिढीला फरक का दिसत नाही, या प्रश्नाचे उत्तर केवळ मुलांत शोधू नका. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलसह ११८ ॲप्सवर बंदी घातली. खेळणाऱ्यांपैकी कोणी कोणताही नियम मोडला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ओळखीची निम्मी मुले व्हीपीएन लावून परदेशी आवृत्ती खेळत होती. जुलै २०२१ मध्ये त्याच खेळाची भारतीय आवृत्ती आली, जुलै २०२२ मध्ये ती दुकानांतून काढली गेली आणि मे २०२३ मध्ये परत आली. अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आणि पालकांच्या फोनची अट होती, आणि मुलाची कटकट थांबावी म्हणून आई स्वयंपाकघरातूनच ओटीपी सांगत असे. हे मी आमच्याच इमारतीत पाहिले आहे. ज्या मुलाने बाराव्या वर्षापासून नियम म्हणजे वाट काढून पलीकडे जाण्याची गोष्ट आहे हे घरातल्या मोठ्यांकडून शिकले, त्याला भिडूचा नियम आणि कंपनीचा नियम यांत फरक कोण दाखवणार?

आणि चाळकरी, आपल्या गाळ्यात सात जण उठून टेबलापाशी आले. आमच्या सामन्यात असे उठून येणारे कोणी नसते. मी 'रिपोर्ट' असे बटण दाबते, आभारांचा एक ठरावीक संदेश येतो, आणि ज्याने मला फसवले त्याचा चेहरा मला कधीच दिसत नाही. त्यालाही माझा दिसत नाही. मला वाटते सगळा फरक येथे आहे.

फळा आणि खडू

दादरच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे मराठी शिकवले. मुलुंडची यांचा शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला.

चाळकरींनी गल्लीतल्या नियमांविषयी लिहिले, त्यात मला एक भर घालावीशी वाटते. आपल्याकडे 'कच्चा लिंबू' असे. धाकटे भावंड खेळात घ्यावे लागे, पण त्याच्यावर राज्य येत नसे आणि तो बाद झाला तरी बाद धरत नसत. म्हणजे नियम सर्वांना सारखे नव्हते आणि तरीही कोणाला अन्याय वाटत नसे, कारण सवलत कोणाला आणि का दिली आहे, हे खेळ सुरू होण्यापूर्वी सर्वांनी मिळून ठरवलेले असे. फसवणूक वेगळी. तीत माणूस स्वतःला गुपचूप कच्चा लिंबू करून घेतो आणि वर जिंकल्याचा मानही मागतो. योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली खेळावरील आपल्या ग्रंथात असे निरीक्षण नोंदवले आहे, की खेळात लबाडी करणाऱ्याला समाज लवकर क्षमा करतो, आणि खेळ मोडून निघून जाणाऱ्याला करत नाही, कारण लबाड निदान खेळाला मानल्याचे ढोंग तरी करतो. मला मात्र वाटते, की आपल्या गल्लीने हे उलटे मानले. जो रागावून बॅट घेऊन घरी गेला, त्याला दुसऱ्या दिवशी परत घेतले जाई. रड्याला घेताना लोक विचार करत.

एक शंका आहे. खेळाची मोडतोड करणारा प्रत्येक जण अपराधीच का? मला या विषयातले फारसे कळत नाही, पण माझा मुलगा सांगतो, की काउंटर स्ट्राइक हा खेळ मुळात दुसऱ्याच एका खेळात बदल करून जन्माला आला.

कोडेवाला

बाई, आपल्या मुलाचे म्हणणे अगदी बरोबर आहे. मी अंधेरीतल्या एका स्टुडिओत खेळांच्या आज्ञावली लिहितो. १९९९ साली दोन तरुणांनी 'हाफ-लाइफ' या खेळात बदल करून काउंटर स्ट्राइक तयार केला. मूळ खेळाच्या कंपनीने, म्हणजे व्हॉल्व्हने, बदल करण्याची साधने आधीच खुली ठेवली होती. पुढे तिने त्या दोघांना नोकरीवर घेतले आणि त्यांचा खेळ आपला म्हणून प्रसिद्ध केला. याच्या उलट सुरुवातीचे आणि याच शेवटाचे उदाहरण म्हणजे 'फाइव्ह-एम'. जीटीए ५ या खेळात लोकांनी स्वतःचे सर्व्हर चालवावेत यासाठी ती व्यवस्था तयार झाली. २०१५ साली रॉकस्टार कंपनीने तिच्या कर्त्यांची खाती बंद केली आणि २०२३ साली तोच गट विकत घेतला. ब्लिझार्डचेही तसेच. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चे जुने रूप जपणारा नोस्टॅल्रियस नावाचा खासगी सर्व्हर चाहत्यांनी उभा केला होता. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर तो बंद झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच जुने रूप अधिकृतपणे उपलब्ध केले. नियम मोडणाऱ्यांनी काही वेळा कंपनीला तिचाच ठेवा दाखवून दिला आहे, हे मी या व्यवसायात असूनही मान्य करतो.

कंपन्यांची बाजू नेहमी न्यायाची असते असेही नाही. 'द क्रू' हा शर्यतीचा खेळ लोकांनी पैसे मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने त्याचे सर्व्हर बंद केले आणि तो एकट्याने खेळणाऱ्यालाही खेळता येईनासा झाला. विकत घेतलेली वस्तू विक्रेता दूरवरून नाहीशी करू शकतो, हे कळल्यावर "मी प्रत करून ठेवली तर काय चुकले" असे विचारणाऱ्याला उत्तर देणे मला जड जाते.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण ती मी आजवर कोठेही लिहिलेली नाही. नोकरी सांभाळून दोन वर्षे मी एकट्याने मराठी शब्दकोड्यांचा एक छोटा खेळ तयार केला. इंग्रजी अक्षरांसाठी बनलेली साधने देवनागरीला पुरत नाहीत. 'क्षेत्र' या शब्दाचे दोन चौकोन करायचे की चार, जोडाक्षर कोठे तोडायचे, वेलांटी चौकोनात एकटी सोडायची का, यावर मी कित्येक रात्री घालवल्या. जवळजवळ नऊ हजार शब्दांची यादी मी आणि माझ्या आईने हाताने तपासली. खेळ फुकट होता आणि थोड्या जाहिराती होत्या. आठ महिन्यांनी तोच खेळ दुसऱ्या नावाने दुसऱ्या ठिकाणी दिसला. जाहिरातींचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जात होते, ते एक वेळ असो. ती रक्कम फार नव्हती. पण मी 'शब्दयादी तपासणी' या ओळीखाली आईचे नाव लिहिले होते, आणि ते त्याने पुसले होते. ती यादी चोरणाऱ्याला यादीतल्या आईने केलेल्या तीन चुकाही काढता आल्या नव्हत्या, त्यावरूनच ती आमची आहे हे मी सिद्ध करू शकलो. तक्रारीनंतर दोन महिन्यांनी तो खेळ हटला.

त्या दिवसापर्यंत मीही लॅमिंग्टन रोडच्या सीडींवरच वाढलो होतो. नियम करणारा कोणीतरी अमेरिकेत आहे, हे वाक्य माझेही होते. काही लोकांच्या दृष्टीने तो अमेरिकेतला कोणीतरी मीच आहे, हे मला तेव्हा कळले.

काळा डगला

कोडेवाला, आपल्या आईच्या नावाविषयी कायद्यात एक तरतूद आहे आणि ती या धाग्यात नोंदवायला हवी. कलम ५७ नुसार कृतीवर आपले नाव असण्याचा कर्त्याचा हक्क हा आर्थिक हक्कांपासून स्वतंत्र आहे. पैशाचे सगळे हक्क विकून टाकले, तरी तो कर्त्यापाशीच राहतो. यादीच्या निवडीत आणि मांडणीत आईंचे कर्तेपण दाखवता आले, तर त्यांना हा हक्क सांगता येईल.

मराठी समाजाला प्रताधिकार कळत नाही असे म्हणणाऱ्यांशी मी यामुळेच सहमत होत नाही. कोणाची कविता नाव काढून व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली गेली, तर येथे केवढा संताप व्यक्त होतो ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पुस्तकाची पीडीएफ मागणारेही तेच सदस्य असतात. त्यांना ढोंगी ठरवणे सोपे आहे, पण मला त्यात एक सुसंगत समजूत दिसते: वस्तू वाटून घेतली तर चालते, नाव पुसलेले चालत नाही. कायद्याने ही समजूत अर्धीच मान्य केली आहे. उरलेल्या अर्ध्यावर लेखकाचे आणि प्रकाशकाचे घर चालते, हे मात्र त्या समजुतीत कोठेच येत नाही.

फळा आणि खडू

कोडेवाला, आमच्या इमारतीत उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुलांचा मराठी वर्ग घेते. आपल्या खेळातली पाच-सहा कोडी कागदावर उतरवून मुलांना दिली तर चालेल का? आपली आणि आईंची नावे मी प्रत्येक कागदावर लिहीन.

कोडेवाला

अवश्य द्या, बाई. आईला सांगतो, तिला फार बरे वाटेल. त्या तीन चुका आता दुरुस्त केलेल्या आहेत.

चाळकरी

सर्वांचे मनापासून आभार. काल भाच्याला बोलावून मी हा धागा सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. मुलुंडची यांचा प्रतिसाद ऐकताना तो गप्प झाला. नव्व्याण्णव जणांचा अर्धा अर्धा तास म्हणजे किती, हे त्याने मनातच गुणून पाहिले असावे, कारण थोड्या वेळाने तो स्वतःहूनच म्हणाला, "जवळजवळ पन्नास तास, मामा." मी काही बोललो नाही.

मग त्याने विचारले, "आणि तुमच्या सात वर्षांचे किती होतील?" त्याचा रोख मला टोमण्याचा वाटला नाही. आठ संगणक, संध्याकाळचे पाच तास, वर्षाचे साधारण तीनशे दिवस, असे धरून आम्ही दोघांनी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर आकडा काढला. तो चौऱ्याऐंशी हजार तासांचा झाला. वीस रुपयांनी गुणल्यावर सोळा लाख ऐंशी हजार होतात. संगणक रोज भरत नसत, भाडे आणि वीज यांत बरेच गेले, हे सगळे खरे असले तरी त्यातला एकही रुपया खेळ बनवणाऱ्यापर्यंत गेला नाही. कोरियात खेळांचे कॅफे कंपन्यांना तासांच्या हिशोबाने पैसे देतात, असे मी नंतर वाचले. माझ्याकडे अशी योजना घेऊन कोणी आले नाही, आणि मीही कधी कोणाला विचारले नाही.

कंपनीला पत्र लिहायचे नाही, असे भाच्याने ठरवले आहे. बंदी भोगीन, असे तो म्हणतो. त्याला कोडेवाला यांच्याकडून एक जाणून घ्यायचे आहे: 'क्षेत्र' या शब्दाचे शेवटी किती चौकोन केले?

कोडेवाला

दोन. आईचा आग्रह होता.